दूध डेअरीपासून शिवनेरीपर्यंत: तिसरी-चौथीच्या वर्गाची परिसरभेट आणि सहल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोले तालुक्यातील द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आपण तिसरी आणि चौथी एकत्र शिकवता आणि पट तीसच्या आत आहे. वर्षाकाठी एक सहल निघते व यंदा ती शिवनेरीला ठरली आहे. सहलीहून मुले खेळणी आणि फोटो घेऊन परततात आणि दुसऱ्या दिवशी लिहिलेला दहा ओळींचा निबंध सर्वांचा जवळपास सारखाच असतो. गावातल्या गावात मुलांना बाहेर नेले, तर पालक ‘शिकवायचे सोडून फिरवतात’ असे म्हणतात, आणि कृतीवर वेळ घालवला तर अभ्यासक्रम मागे पडेल अशी धास्ती आपल्याला वाटते. या परिस्थितीत नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की वर्षभर वर्गात बसलेल्या मुलाला एकदम गडावर नेऊन ‘निरीक्षण करा’ असे सांगितले, तर ते मूल निरीक्षण करू शकत नाही, आणि यात त्याचा काहीही दोष नाही. एखाद्या ठिकाणी थांबणे, एकाच गोष्टीकडे पुरेसा वेळ पाहणे, मोजणे, तेथल्या माणसाला प्रश्न विचारणे आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारणे या सवयी आहेत. त्या परिचयाच्या जागी, लहान लहान भेटींतून आणि त्याच ठिकाणी पुन्हा जाऊन लागतात. म्हणून शिवनेरीची तयारी बस ठरवण्यापासून सुरू न करता गावातल्या दूध संकलन केंद्रापासून सुरू करावी. अकोले-संगमनेर हा दुधाचा पट्टा आहे. आपल्या वर्गातील बहुतेक मुले सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभी राहिलेली असणार. जागा ओळखीची आहे, पण तिथे काय चालते ते मुलांना ठाऊक नाही. पहिल्या भेटीसाठी इतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही.

त्याआधी ‘कृती’बद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हाताला काम मिळाले म्हणजे शिक्षण झाले, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. थर्मोकोलचा किल्ला, पालकांनी रात्री जागून केलेला प्रकल्प किंवा एकाच नमुन्यावरून सर्वांनी रंगवलेले चित्र यांत हात गुंततात, परंतु मुलाला ज्याचे उत्तर आधी ठाऊक नव्हते असा प्रश्न त्यांत कुठेच नसतो. कृती निवडताना मी एकच कसोटी लावतो: हे करण्याआधी मुलाला काय होईल याचा अंदाज बांधता येतो का आणि तो अंदाज चुकण्याची शक्यता आहे का? अंदाज चुकण्याची शक्यता नसेल, तर ती हस्तकला आहे. हस्तकलेलाही शाळेत जागा आहे, पण तिला परिसर अभ्यासाच्या तासिका देऊ नयेत.

आता डेअरीकडे वळू. भेटीच्या आठवडाभर आधी वर्गात एक दुग्धमापी (लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगवून त्याची घनता मोजण्याची नळी) आणावा. तो महाग नसतो आणि केंद्रचालक बहुधा दोन दिवसांसाठी उसनाही देतात. एका उंच, अरुंद भांड्यात पाणी, दुसऱ्यात निर्भेळ दूध आणि तिसऱ्यात निम्मे दूध-निम्मे पाणी घ्यावे. तिन्ही एकाच तापमानाची असू द्यावीत, नाहीतर फरक तापमानाचा की भेसळीचा हे कळत नाही. दुग्धमापी कशात जास्त बुडेल, हे मुलांनी आधी सांगावे आणि त्यांचे अंदाज फळ्यावर नावांसह लिहून ठेवावेत. पुष्कळ मुले ‘दूध घट्ट असते म्हणून त्यात जास्त बुडेल’ असे म्हणतात. प्रत्यक्षात तो पाण्यात अधिक बुडतो आणि दुधात वर राहतो, आणि मग वर्गात जो गलका होतो तो थांबवण्याची घाई करू नये.

याच्यापुढे एक पायरी आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्याच दुधावरची साय काढून टाकली तर काय होईल, असे विचारावे. साय काढल्याने दूध ‘हलके’ झाले असणार, असे मुलांना वाटते. वास्तविक स्निग्धांश हा दुधाच्या उरलेल्या भागापेक्षा हलका असल्यामुळे साय काढलेल्या दुधात दुग्धमापी आणखी वर येतो, म्हणजे गावच्या भाषेत डिग्री वाढते. मग साय काढून घेऊन थोडे पाणी मिसळले, तर डिग्री पुन्हा पहिल्या जागी आणता येईल, हे चौथीची दोन-तीन मुले स्वतःहून शोधून काढतात. केवळ डिग्री पाहून दुधाची पारख होत नाही आणि म्हणून फॅट, म्हणजे स्निग्धांशही मोजावा लागतो, हा निष्कर्ष त्यांचा त्यांनी काढलेला असतो. असा वर्ग डेअरीत गेला की फॅटच्या यंत्राकडे पाहणारी त्याची नजरच वेगळी असते.

प्रत्यक्ष भेटीच्या आधी आपण एकट्याने, संकलनाच्या वेळी, तिथे जाऊन उभे राहावे. संकलन भल्या सकाळी आणि सायंकाळी होते व शाळेची वेळ त्या दोन्हींच्या मध्ये पडते, त्यामुळे केंद्रचालकाला शाळेच्या वेळेत थोडे दूध राखून यंत्र चालवून दाखवण्याची विनंती करावी लागते. मुलांनी भाषण ऐकायला यायचे नसून प्रश्न विचारायचे आहेत, हे त्यांना आधीच सांगावे. काही केंद्रांवर अजून जुन्या गर्बर पद्धतीने फॅट काढतात. तिच्यात तीव्र गंधकाम्ल वापरतात, त्यामुळे तसे असेल तर मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवावे आणि फक्त निकाल पाहू द्यावा. शीतकरणाची टाकी असेल, तर तिच्यावरचा तापमानदर्शक मुलांनी वाचावा. दूध साधारण 4 अंश सेल्सिअसपर्यंत का थंड करतात, हा प्रश्न तिथेच सोडून यावा आणि शाळेत परतल्यावर एक वाटी दूध बाहेर व एक वाटी कुणाच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर मिळवावे.

गणितासाठी दुधाच्या पावतीइतके चांगले साधन नाही. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले उरलेले घन घटक), दर आणि रक्कम असते. गाईच्या दुधाचा आधारभूत दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात. दशांश अपूर्णांक चौथीला अवघड जातील अशी भीती वाटेल, पण ‘साडेतीन’ आणि ‘साडेआठ’ हे शब्द मुलांच्या कानावरून रोज जात असतात. शंभर चौकोनांच्या कागदावर साडेतीन चौकोन रंगवले की शंभर ग्रॅम दुधात साडेतीन ग्रॅम स्निग्धांश हे त्यांना दिसते. 4.2 फॅटच्या पावतीला ‘साडे’ किंवा ‘सव्वा’ लावता येत नाही, तेव्हा चौकोनाचे दहा भाग करण्याची गरज त्यांना आतूनच जाणवते. मात्र मुलांना घरच्या पावत्या आणायला सांगू नयेत. कुणाच्या घरी एकही जनावर नसते, कुणाच्या पावतीवरून घरची ओढाताण वर्गासमोर येते. केंद्रचालकाकडून नावाची जागा कोरी असलेल्या पाच-सहा पावत्या घ्याव्यात आणि त्याच सर्व गटांना द्याव्यात.

तिसरी आणि चौथी एकत्र असण्याची आपल्याला अडचण वाटते. परिसरभेटीत तो उलट फायदा ठरतो. गट मिश्र करावेत. तिसरीची मुले शाळा ते डेअरी हा रस्ता दिशा आणि खुणांसह काढतील, किटल्या व कॅन मोजतील. चौथीची मुले मापे वाचतील आणि हिशेब करतील. लहान मुले मोठ्यांना विचारतात आणि मोठ्यांना समजावून सांगावे लागते. शिक्षक एकटा असताना याहून चांगली मदत मिळत नाही.

अभ्यासक्रम मागे पडण्याच्या भीतीचे खरे कारण बहुधा वाचन-लेखनाची उद्दिष्टे हे असते. निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झाल्यापासून तिसरीअखेर प्रत्येक मूल समजून वाचणारे असावे, हा आग्रह वाढला आहे आणि तो योग्यच आहे. पण मुलाला वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न भेट सोडवते. भेटीहून परतल्यावर मुलांनी एकेक वाक्य सांगावे, आपण ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे आणि मग तो मजकूर मोठ्या कागदावर उतरवून वर्गात लावावा. ‘आमच्या म्हशीच्या दुधाला फॅट जास्त लागती’ हे वाक्य ज्याने सांगितले, तो ते पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याआधी वाचू लागतो, कारण त्याला त्याचा अर्थ आधीपासून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य प्रमाण मराठीत कसे लिहितात, ते शेजारी लिहावे. बोलीतले वाक्य पुसू नये. असे चार-पाच कागद जमले की वर्गाचे स्वतःचे वाचनपुस्तक तयार होते. निबंध सारखे येण्याचे कारणही इथेच आहे: ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’ येथून सुरुवात करण्याची मुलांना सवय लावलेली असते. ‘तुला पटले नाही असे तिथे काय होते?’ असे विचारून पाहावे. प्रत्येकाचे उत्तर निराळे येते.

डेअरीनंतर सहलीपूर्वी आणखी एक-दोन छोट्या भेटी पुरेत. पोस्ट ऑफिस जवळ असेल तर प्रत्येक मुलाने घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे आणि ते किती दिवसांनी, कोणते शिक्के घेऊन येते ते पाहावे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला आणि ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखली. पहिला अंक 4 महाराष्ट्राबरोबरच गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडलाही आहे, हे नकाशावर रंगवून पाहता येते. आठवडी बाजारही चांगला, पण गर्दीमुळे तिथे सहा-आठ मुलांचा एकच गट न्यावा. याहून अधिक भेटींची घाई करू नये. एखाद-दुसऱ्या महिन्याने डेअरीतच पुन्हा गेलात, तर मुले पहिल्या भेटीत न सुचलेले प्रश्न विचारतील.

आता शिवनेरी. चौथीच्या वर्गाला शिवचरित्र अभ्यासाला असते आणि 1630 साली महाराजांचा जन्म जिथे झाला ते ठिकाण पाहताना मुलांच्या मनात आदर आणि आनंद असतो. तो तसाच राहू द्यावा. त्याच्या जोडीला गडासाठी एकच प्रश्न घेऊन जावा. मी सुचवतो तो असा: ‘इतक्या उंच खडकावर राहणाऱ्या माणसांना वर्षभर पाणी कुठून मिळत असेल?’ हा प्रश्न पकडला की गडावरची खोदीव टाकी, गंगा-जमुना नावाचे बारमाही पाण्याचे टाके आणि बदामी तलाव ही फोटो काढण्याची ठिकाणे न राहता पुरावे होतात. धान्यसाठ्याचा अंबरखाना दिसला की ‘मग धान्याचे काय’ हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात. सात दरवाजांच्या वाटेवर एखादा गट ‘वाट सरळ का नाही’ असे विचारील. त्या वेळी उत्तर देऊ नये, त्यांना दरवाजाच्या आत उभे करून बाहेरून येणारा माणूस केव्हा दिसतो ते पाहायला सांगावे.

या प्रश्नाची तयारी वर्गात सहज होते. काळ्या पाषाणाचा तुकडा, भाजलेली वीट आणि मातीचे ढेकूळ आणून तिन्हींवर चमचाभर पाणी टाकावे आणि कुठे किती वेळ टिकते ते पाहावे. पाणी साठवण्यासाठी माणसांनी खडकच का खोदला, याचा अर्धा उलगडा त्यातच होतो. दुसरे काम हिशेबाचे. प्रत्येक मुलाने दिवसभरात आपण किती पाणी पितो ते बाटलीने मोजावे आणि वर्गाने एका माणसाला दिवसाला साधारण दोन लिटर असे ठरवावे. गडावर शंभर माणसे आहेत आणि पावसाळ्याचे चार महिने सोडून उरलेले 240 दिवस साठ्यावर काढायचे आहेत असे धरले, तर पिण्यासाठीच 48,000 लिटर पाणी लागेल. शाळेच्या छपरावरची काळी टाकी 1,000 लिटरची असेल, तर तशा 48 टाक्या. मैदानात 48 चौकोन आखून पाहिले की तो आकडा मुलांच्या डोळ्यांत मावतो. स्वयंपाक, जनावरे आणि घोडे यांचे पाणी यात धरलेलेच नाही, हे कुणीतरी म्हणेल. त्याला हिशेब पुढे वाढवू द्यावा.

प्रत्यक्ष गडावर लेखन कमीत कमी ठेवावे. पुठ्ठ्याला चिमटा लावून दोन कोरे कागद, एक पेन्सिल आणि मोजायला एक मीटर सुतळी एवढे सामान गटाला पुरते. एका टाक्याजवळ, काठापासून सुरक्षित अंतरावर, दहा मिनिटे शांत बसून जे दिसते ते काढावे. पाणी काढायला पायऱ्या आहेत का, पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून आत येत असेल, हे चित्र काढताना आपोआप दिसते. तासभर बोलणारा वाटाड्या घेऊ नये. गटप्रमुख पालकांनाही आधी शाळेत बोलावून त्यांनी काय सांगायचे नाही ते समजावून द्यावे, कारण प्रेमाने सगळी उत्तरे सांगून टाकण्याची मोठ्यांना सवय असते.

सुरक्षिततेबाबत मी कुठलीही तडजोड करत नाही. आठ मुलांमागे एक प्रौढ, मुली असल्याने सोबत महिला शिक्षक किंवा माता-पालक, लेखी संमतिपत्रे, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हे सर्व निघण्याच्या कितीतरी आधी हातात असावे. वाहन एसटीचेच घ्यावे. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत मिळते आणि आसनांपेक्षा जास्त मुले कोंबण्याचा प्रश्न येत नाही. शिवनेरीवर पायऱ्यांच्या वाटेनेच जावे, साखळदंडाची वाट प्राथमिकच्या मुलांसाठी नाही. गडावर आग्या मोहोळ असते आणि मधमाश्या उठून पर्यटक जखमी झाल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून अत्तरे, धूर, दगड मारणे आणि आरडाओरडा यांना पूर्ण मनाई असावी व निघण्यापूर्वी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे त्या दिवसाची स्थिती विचारावी. ऊन चढण्यापूर्वी गड पाहून व्हावा. परतीच्या वाटेवर धरण किंवा नदी दिसली आणि मुलांनी हट्ट धरला, तरी बस थांबवू नये, नौकाविहार तर नकोच. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. ती लहान मुले शाळेच्या भरवशावर घराबाहेर पडली होती, हे आपण कोणीही विसरू नये.

वर्गात चालण्याची अडचण असलेले मूल असेल, तर त्याला घरी ठेवून गडावर जाणे मला मान्य नाही. तसे असल्यास ठिकाण बदलावे. त्याचप्रमाणे पैशांअभावी एकही मूल मागे राहता कामा नये; समितीशी आधी बोलून ती तजवीज गुपचूप करावी, त्या मुलाचे नाव कुणाला कळू नये.

पालकांच्या तक्रारीवर वाद घालून उपयोग होत नाही. त्यांना भेटीला सोबत घ्यावे. डेअरीत मुलीने फॅटचा हिशेब मांडलेला पाहणारा बाप पुन्हा ‘फिरवतात’ म्हणत नाही. तरीही कुणी नियम विचारलाच, तर शिक्षण हक्क अधिनियम 2009 च्या कलम 29 मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकणे स्पष्टपणे सांगितलेले आहे, हे नम्रपणे दाखवावे. आपल्या मातीतही हा विचार जुना आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची पद्धत, मांडली, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुले जिथे गुरे राखत होती तिथेच, कुरणात, शाळा नेली. त्यांच्याकडे आपल्याहून कमी साधने होती.

शेवटी मूल्यमापन. सहलीचा निबंध तपासून गुण देण्यापेक्षा नोंदवहीत प्रत्येक मुलाची एक वर्णनात्मक नोंद करावी आणि ती त्याने काय केले याची असावी. ‘सहलीत उत्साहाने भाग घेतला’ ही नोंद कुणाबद्दलही लिहिता येते, म्हणून तिचा उपयोग नाही. ‘टाक्याची लांबी सुतळीने मोजताना सुतळी सैल पडते हे लक्षात आल्यावर दुसऱ्या मुलाला टोक धरायला लावले’ किंवा ‘दुग्धमापीबद्दलचा आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले, पण साय काढलेल्या दुधाबद्दलचे कारण अजून सांगता येत नाही’ अशा नोंदी लिहिल्या, की त्या मुलासोबत पुढच्या आठवड्यात काय करायचे ते त्यांतूनच ठरते. गडावर आपण स्वतः एक छोटी वही खिशात ठेवावी आणि प्रत्येक गटाबरोबर थोडा वेळ थांबून पाच-सहा मुलांच्या अशा नोंदी कराव्यात. उरलेल्या मुलांच्या नोंदी डेअरीच्या पुढच्या भेटीत होतील.